शाळेतली रापण

"बाई, नाकावरचा पदर काढा वो. श्वास कोंडंल, मगे आमच्या पोरांना पाढे कोण शिकवील?"

धोंडूबाई फाटकाबाहेरून म्हणाली आणि तिच्यासोबत हातगाडी ढकलत आलेली माणसं हसली. मनिषाबाईंनी पदर काढला नाहीच, उलट आणखी घट्ट धरला. हातगाडीवर जुन्या जाळ्याचा हा एवढा ढीग होता. काळपट हिरवा, ठिकठिकाणी फाटलेला, आणि वास असा की सांगायची सोय नाही. गाडीशेजारी गुणाजी तांडेल उभे होते. उभं आयुष्य होडीवर काढलेला, वाऱ्यापुढेही मान न तुकवणारा हा म्हातारा आज टोपी हातात घेऊन शाळेच्या दारात आला होता.

मागणं साधं होतं. मागच्या वादळात त्यांच्या पडवीचे पत्रे उडाले, तेव्हापासून वाडीची रापण उघड्यावर भिजत पडली होती. शाळेचा व्हरांडा लांबलचक आणि कोरडा. नारळी पौर्णिमेपर्यंत रापण तिथे पसरून शिवायला जागा द्यावी, एवढंच.

रापण म्हणजे काही एकट्याचं जाळं नव्हे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर ठेवायचे, आणि मग अख्ख्या वाडीने दोन रांगा धरून ओढायचं. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळालाच पाहिजे, मग तो वाडीतला असो की वाट चुकलेला पाहुणा. पण या वाडीची रापण कितीतरी वर्षांत पाण्यात गेली नव्हती. तरणी पोरं बंदरावरच्या मोठ्या बोटींवर गेली, काही मुंबईला गेली. ओढायला माणसं कुठून आणायची?

"इथे मुलं बसतात, गुणाजीबाबा," बाई पदराआडून म्हणाल्या.

"कुठं हायत मुलं?" धोंडूबाईने विचारलं.

धोंडूबाई मच्छी मार्केटात बसणारी. गिऱ्हाइकाला कुठे बोललं की लागतं हे तिला बरोबर कळायचं. बाईंना ते लागलंच, कारण ते खरं होतं. एके काळी या जांभ्या दगडाच्या शाळेत बसायला जागा पुरायची नाही, मुलं खिडकीत बसायची. आता सकाळी हातखंब्याच्या बाजूच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीच्या तोंडाशी थांबायची आणि पोरं टाय सावरत तिच्यात चढायची. उरलेली मूठभर मुलं, सगळ्या इयत्तांची, बाईंच्या एका वर्गात मावायची. मोठ्या हॉलमध्ये मोडक्या बाकांवर वटवाघळं नांदत होती. ओसाड गावची पाटीलकी म्हणतात ना, तशी मनिषाबाईंची मुख्याध्यापकी.

आणि तीही फार दिवस टिकणार नव्हती. शिक्षण खात्यातले खेडेकर साहेब येऊन स्पष्ट बोलून गेले होते. तरुण माणूस, सावर्ड्याचा, स्वभावाने वाईट नव्हे. म्हणाले होते, "बाई, पट वाढत नाही तर नाही. पण ही इमारत वाडीच्या उपयोगाची आहे, वाडी हिला आपली मानते, एवढं तरी मला दाखवा. दिवाळीच्या आत. मग मला वर काही बोलता येईल. नाहीतर मुलं शहरातल्या दुसऱ्या शाळेत जातील आणि इथे कुलूप लागेल."

बाईंनी लगेच सभा बोलावली. मुलांच्या हाती निरोप धाडले, खुर्च्या मांडल्या, फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम' काढलं, पातेलंभर चहा ठेवला. सभेला आली एकटी धोंडूबाई, आणि तीही नातवाला न्यायला. शाळा बोलावते ती एक तर पोराची तक्रार सांगायला किंवा वर्गणी मागायला, असा वाडीचा आजवरचा अनुभव. चहा मुलांनी संपवला. बाईंनी 'सुस्वागतम' पुसलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खडूची धूळ डोळ्यांत गेली असं त्यांनी मुलांना सांगितलं.

खरं म्हणजे वाडीचंही चुकलं नव्हतं. मनिषाबाई देवरुखच्या. लग्नाआधीच नोकरीचा हुकूम हाती पडला आणि त्या इथे आल्या, ते दोन-तीन वर्षांत बदली करून घेऊ असं म्हणतच. मग लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आणि बाई तिथेच राहिल्या. राहिल्या म्हणजे चढणीवरच्या शहरात, वाडीत नव्हे. गळ्यात तुळशीची माळ. मासळी शिजते त्या घरातलं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. कोणी बोलावलं की "मी माळकरी हो" असं हसून म्हणायच्या आणि उंबऱ्याबाहेरूनच निघायच्या. पाच वाजता फाटकाला कुलूप, किल्ली पर्सेत, आणि नाकाला पदर लावून चढण चढायला लागायच्या. वाडीच्या दोन पिढ्यांना त्यांनी मुळाक्षरं शिकवली, पण वाडीतल्या एकाही चुलीपाशी त्या कधी बसल्या नाहीत.

तर अशा बाई त्या दिवशी त्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. मग कोण जाणे काय वाटलं त्यांना. रिकाम्या हॉलचा त्यांना वीट आला होता म्हणा, की गुणाजींच्या हातातली टोपी बघवली नाही म्हणा. त्यांनी फाटक उघडलं.

"व्हरांड्यात नको. पाऊस आत येतो. हॉलमध्येच पसरा," म्हणाल्या. नाकावरचा पदर तेवढा तसाच होता.

रापण उलगडली तेव्हा बाईंनी तोंडात बोट घातलं. हॉल भरला, व्हरांडा भरला, तरी जाळं संपेना. शेवटी त्याचं टोक वर्गात आलं आणि बाईंच्या टेबलाखालून फळ्यापर्यंत गेलं. मुलांना तर जत्राच मिळाली. जाळ्यात मांडी घालून ती पाढे म्हणायला लागली. हॉलमध्ये गुणाजी आणि त्यांच्या वयाचे चार म्हातारे बांबूच्या सुया घेऊन भोकं शिवत बसले, आणि दोन दिवसांत तेही बे चोक आठ म्हणायला लागले.

मासेमारी बंद असायचे दिवस ते. बोटी किनाऱ्याला, पुरुष घरात, बायकांच्या डोक्याला ताप. नवरा जेवायला का आला नाही म्हणून बघायला एक आली, ती सुई घेऊन बसली. तिला शोधत तिची जाऊ आली. तान्ही पोरं आली, पाठोपाठ त्यांना सांभाळणाऱ्या आज्या आल्या. अक्षया, वाडीची आशा सेविका, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. घरोघर फिरून बायका भेटायच्या नाहीत म्हणून ती रडकुंडीला यायची. तिने एक दिवस बाळांचा वजनकाटा सरळ शाळेतच आणून टांगला. मग म्हाताऱ्यांचा रक्तदाब तिथेच बघू लागली. दुपारी धोंडूबाईच्या मैत्रिणींनी हॉलच्या कोपऱ्यात चूल मांडली. बंदरावरून परतलेला एक पोरगा संध्याकाळी मोठ्या मुलांची गणितं घ्यायला लागला. कोणाला आमंत्रण नव्हतं, कुठे 'सुस्वागतम' नव्हतं. ज्याला हात होते तो आला आणि जे काम दिसलं ते त्याने धरलं.

बाईंनीही एकदा सुई धरली. जाळं टेबलाखालीच होतं, बघत किती दिवस बसणार? हिरवा दोरा संपला होता म्हणून त्यांनी हस्तकलेच्या पेटीतला पांढरा दोरा घेतला आणि बाईमाणसाच्या नेटकेपणाने ओळीने गाठी मारल्या. संध्याकाळी गुणाजींनी त्या निरखून बघितल्या.

"बाई, ही गाठ भरतकामाची झाली. मासा काय रुमाल हाय?" असं म्हणून त्यांनी बऱ्याचशा गाठी सोडून नव्याने मारल्या. एक पांढरं ठिगळ मात्र तसंच ठेवलं. बाई विचारत होत्या, हे का ठेवलंत? गुणाजींनी पुढचं भोक शिवायला घेतलं.

श्रावणातल्या एका सकाळी बाई शाळेत आल्या आणि फाटकापाशीच थांबल्या. पायरीच्या खाली चपला होत्या. रबरी, प्लास्टिकच्या, म्हाताऱ्यांच्या झिजलेल्या, पोरींच्या चमचमत्या, एक तर नुसत्या अंगठ्याएवढी, कुणा बाळाची. पायरीपासून फाटकापर्यंत चपलाच चपला, पाय ठेवायला जागा नाही. शाळा सुरू व्हायला अजून अवकाश होता. फाटक कोणी उघडलं? तेव्हा त्यांना आठवलं की आदल्या संध्याकाळी किल्ली आपण धोंडूबाईकडे देऊन गेलो होतो. बाई तिथे खुळ्यासारख्या उभ्या राहिल्या. गाभाऱ्यात जाताना होतं तसं त्यांना झालं, आणि आपल्याच शाळेच्या फाटकाशी त्यांनी आपली चप्पल सगळ्यांच्या चपलांच्या शेवटी काढून ठेवली. नाकाला पदर लावायचं त्या दिवशी त्या विसरल्या. पुढे विसरतच गेल्या.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या, रापणही शिवून झाली. बाईंना धास्ती पडली. जाळं उचललं की माणसंही उठणार. पण माणसं उठली नाहीत. चूल राहिली, काटा राहिला, गणितं राहिली. गुंडाळलेली रापण हॉलच्या एका भिंतीला टेकून होती आणि म्हातारे तिला पाठ लावून गप्पा छाटत बसत. पिवळ्या गाडीतली दोन पोरंही टाय सोडून इकडे आली. बाईंनी खेडेकर साहेबांना निरोप धाडला, की या आणि बघा.

साहेबांनी दसऱ्यानंतरचा दिवस दिला. सगळी वाडी तयार झाली. अक्षयाने काटा पुसला, धोंडूबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, गुणाजींनी दाढी केली. बाईंना रात्रभर झोप नव्हती. आजच्या दिवसावर शाळेचं जगणं-मरणं होतं, आणि बाईंना आता शाळेशिवाय दुसरं होतं तरी काय?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तसं झालं. साहेबांची वेळ होत आली आणि खालून किनाऱ्यावरून हाळी आली. तारली माशांचा थवा आत आला होता, अगदी काठच्या खडकांच्या जवळ. पाणी काळंभोर झालं होतं आणि वर घारी घिरट्या घालत होत्या. कितीतरी वर्षांत मासा इतक्या जवळ आला नव्हता. हॉलमधली माणसं ताडकन उठली. रापण खांद्यांवर चढली.

"अहो, साहेब येतायत!" बाई दारात आडव्या झाल्या. "गुणाजीबाबा, तासभर थांबा. फक्त तासभर."

गुणाजी थांबले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"बाई, साहेबाला परत बोलावता येतं. माशाला नाय येत."

आणि ते गेले. पाठोपाठ बायका गेल्या, अक्षया गेली, आज्या गेल्या, नातवंडं गेली. बाईंच्या वर्गातली मुलंसुद्धा पाटी-पुस्तकं टाकून पळाली. चपलांचा ढीग बघता बघता नाहीसा झाला. चुलीवर चहा उकळत राहिला.

बाई पायरीवर बसल्या. राग आला, त्याहून जास्त दुःख झालं. शेवटी आपण परक्याच, असं त्यांना वाटलं. ज्यांच्यासाठी जीव टाकला त्यांना आपल्यापेक्षा तारली प्यारी.

खेडेकर साहेब मोटरसायकलवरून उतरले. हॉलमध्ये गेले, टांगलेला काटा बघितला, अर्धवट चिरलेली भाजी बघितली, रिकामा वर्ग बघितला. बाहेर आले आणि बाईंच्या समोर उभे राहिले.

"बाई, तुम्ही कष्ट घेतलेत हे दिसतंय. पण माणसं कुठायत? मी वर काय सांगू?"

मान खाली घालून गप्प राहायचा बाईंचा स्वभाव. आयुष्यभर साहेबांपुढे त्यांनी तेच केलं होतं. पण त्या दिवशी त्या उठल्या.

"आहेत माणसं. खाली आहेत. चला माझ्याबरोबर," म्हणाल्या, आणि साहेब येतात की नाही हे न बघताच पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरायला लागल्या.

इतक्या वर्षांत बाईंनी रापण कधी बघितली नव्हती. सुरूच्या झाडांतून त्या वाळूवर आल्या आणि त्यांचे पाय जागीच थबकले. पाण्यात जाळ्याचा मोठा अर्धगोल पडला होता, आणि त्याच्या दोन टोकांपासून माणसांच्या दोन रांगा वाळूवर चढत गेल्या होत्या. म्हातारे, बायका, बंदरावरून धावत आलेली पोरं, पिवळ्या गाडीतून उतरून दप्तरासकट आलेली पोरं. सगळ्यांच्या अंगाला एकच झोका. सगळी वाडी एकदम मागे झुकायची, एकदम पाऊल टाकायची, आणि समुद्र टीचभर जवळ यायचा. एवढी माणसं आपल्या वाडीत आहेत? आणि मग त्यांना दिसलं की यातली निम्मीअधिक माणसं तीच, त्याच क्रमाने उभी, जशी हॉलमध्ये जाळ्याभोवती बसायची. शाळा रिकामी झाली नव्हती. ती उठून इथे आली होती.

"उभे काय ऱ्हाता? धरा दोर!" गुणाजी पाण्यातून ओरडले. कोणाला म्हणतोय हे त्यांनी बघितलंही नाही. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले, पँट दुमडली आणि दोर धरला. बाईंनी पदर कमरेला खोचला आणि धोंडूबाईच्या मागे जागा घेतली. दोर ओला होता, खरखरीत होता, आणि हाताला असा हिसका बसत होता की पलीकडे कोणीतरी जिवंत आहे हे कळावं.

"ओढा बाई, ओढा," धोंडूबाई मान न वळवता म्हणाली. "पाढ्याच्या तालावर ओढा."

जाळं आलं. चांदीच्या रसासारखं काहीतरी वाळूवर सांडलं आणि उसळायला लागलं. तेवढ्यात एका ठिकाणी जाळं उसवलं आणि ओंजळभर तारल्या भसकन पाण्यात पळाल्या. ते पांढरं ठिगळ होतं.

"बाईंनी जीव वाचवले," धोंडूबाई म्हणाली. "माळकरी बाई त्या!" सगळा किनारा हसला. बाईही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग वाटे पडले. वाळूवर गुणाजी स्वतःच्या हाताने ढीग मांडत गेले. आधी देवाचा, मग होडीचा, जाळ्याचा, आणि मग ज्याचा त्याचा. ज्याचा वाटा त्याने त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं, ही रीत. साहेबांच्या नावानेही ढीग पडला. ते "अहो, मी सरकारी माणूस" म्हणायला लागले, तर गुणाजी म्हणाले, "हात लागला ना दोराला? मगे झालं." साहेब लाजले आणि आपल्या ढिगामागे पोरासारखे उभे राहिले. गाव करी ते राव काय करी, आता साहेब तरी काय करणार!

बाई एका बाजूला उभ्या होत्या. ढीग पडत होते, माणसं त्यांच्यामागे जात होती, आणि त्यांच्या नावाचा काही पडत नव्हता. बरोबरच होतं. माळकरी बाईला मासळी देऊन काय करायचं? मासा त्यांना नकोच होता, वाटा मात्र हवा होता. दोर तर आपणही ओढला ना, असं एखाद्या लहान मुलीसारखं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मान फिरवली.

सगळी माणसं उभी राहिली, तरी एक ढीग उरला. देवाच्या वाट्याला लागूनच होता आणि चांगला मोठा होता.

"हा कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"शाळेचा," गुणाजी म्हणाले. हात समुद्रात धुऊन ते वर आले. "जाळं शाळेत शिवलं. देवाचा वाटा, होडीचा वाटा, तसा हा. साहेब, तुमी कुलूप लावा नायतर काय पण करा. आमच्यात एकदा वाटा पडला की मोडत नाय. रापण लागेल तवर ह्यो पडायचा."

निर्णय साहेबांच्या हातात नव्हताच. पण त्या ढिगाकडे ते पुष्कळ वेळ बघत राहिले, आणि वर आपण हे जसंच्या तसं सांगू, असं हळूच म्हणाले.

"शाळेचा वाटा कोणी उचलायचा?" अक्षयाने विचारलं.

"शाळेच्या माणसानं."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. धोंडूबाई चटकन टोपली घेऊन पुढे झाली. आवाज खाली आणून म्हणाली, "ऱ्हावं दे बाई, मी उचलतंय. तुमची माळ हाय."

"थांब, धोंडू," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं नुसतं नावाने कधी हाकारलं नव्हतं.

माळ त्यांनी ब्लाउजच्या आत सरकवली. वाळूत गुडघे टेकले, कमरेला खोचलेला पदर सोडवला आणि दोन्ही हातांनी तो पसरला. गुणाजींनी ओंजळी भरभरून तारल्या त्यात घातल्या. सुती पदर ओला होऊन जड झाला. कोणी हसलं नाही.

मग पदराची गाठ पोटाशी धरून बाई पाखाडी चढायला लागल्या. मागून पोरं आली, त्यांच्यामागे वाडी. शाळेची पायरी आली तेव्हा त्यांनी चप्पल काढली आणि तो वाटा घेऊन आत गेल्या.